इयत्तेच्या वरच्या चाचण्या: सीमाभागात घरी शिकणाऱ्या हुशार मुलांच्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणीपासून कारवार, भालकीपर्यंत मुलांना घरी शिकवणारी मराठी घरं विखुरलेली आहेत, पण चाचणीचा विषय निघाला की सगळीकडून येणारे प्रश्न साधारण सारखेच असतात. त्यांची उत्तरं इथं एकत्र दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण घोळ तिथंच होतो.

वरच्या इयत्तेची चाचणी म्हणजे नेमकं काय?

चौथीच्या वयाच्या मुलाला सहावीचा किंवा आठवीचा पेपर द्यायचा आणि त्याचे गुण त्या मोठ्या मुलांच्या गुणांशी ताडून बघायचे, एवढंच. चौथीच्या पेपरात शंभरपैकी ९८ पडले तर त्याला चौथीचं सगळं येतं, हे कळलं. पुढचं किती येतं ते कळलं नाही, कारण पेपरात ते विचारलेलंच नव्हतं. ९८ पडलेल्या दोन मुलांपैकी एक जेमतेम पाचवीला पोचलेला असतो आणि दुसरा समीकरणं सोडवत बसलेला असतो. चौथीच्या पेपरात दोघेही सारखेच दिसतात.

ही पद्धत काही आजकालची नाही. अमेरिकेत लेटा हॉलिंगवर्थ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांतच असामान्य मुलांना मोठ्यांच्या चाचण्या देऊन पाहिल्या होत्या. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७१ साली गणितात पुढे असलेल्या मुलांचा अभ्यास सुरू केला आणि १९७२ साली सातवी-आठवीच्या वयाच्या मुलांना कॉलेजप्रवेशाची सॅट परीक्षा दिली. आपापल्या वर्गात सगळी पहिल्या रांगेतली मुलं. पण सॅटमध्ये कुणी तळाशी, कुणी मध्ये, तर कुणी कॉलेजला जाणाऱ्या मुलांच्याही पुढे. तिथून ‘टॅलेंट सर्च’ची, म्हणजे वरची चाचणी देऊन हुशार मुलं शोधायची, प्रथा रुजली.

प्रत्येक हुशार मुलाला ती द्यावी का?

नाही. आधी स्वतःच्या इयत्तेची चांगली चाचणी द्या. तिथं मूल सातत्याने वरच्या पाच टक्क्यांत येत असेल, म्हणजे ९५ च्या आसपास किंवा पुढचं पर्सेंटाइल असेल, तरच वरची चाचणी काही नवीन सांगेल.

दुसरी अट माझी स्वतःची: निकालावर एखादा निर्णय अडलेला असला पाहिजे. पुढचं गणिताचं पुस्तक कुठलं घ्यायचं, एखाद्या कार्यक्रमाला अर्ज करायचा का, भाषेला जास्त वेळ द्यायचा का, असं काहीतरी. निर्णयच नसेल तर चाचणी कशाला? पोराला शाळेत न घालून आपण काही चूक केली नाही, हे आजोबांना पटवण्यासाठी तर मुळीच देऊ नका. आजोबा पर्सेंटाइल मानत नाहीत.

किती इयत्ता वर जायचं?

सुरुवात दोन इयत्तांनी करा. मूल त्या विषयात फारच पुढे आहे अशी खात्री असेल तर तीन-चार. निकाल आला की आकड्याकडे असं बघा: चार पर्यायांच्या पेपरात डोळे मिटून गोल भरले तरी सरासरी २५ टक्के उत्तरं बरोबर येतात. त्यामुळे ३०-३५ टक्क्यांच्या खालचा निकाल म्हणजे पेपर फार वरचा झाला, त्यातून काही वाचता येत नाही. ९० टक्क्यांच्या पुढे गेलं तर पेपर अजून खालचाच आहे, आणखी वर जा. मधल्या पट्ट्यातला, साधारण निम्म्याच्या आसपासचा निकाल सगळ्यात बोलका.

आणि प्रत्येक विषयाची पायरी वेगळी ठेवा. गणितात आठवी आणि भाषेत पाचवी असं मूल अजिबात विचित्र नाही. सगळ्या विषयांना एकच इयत्ता लावायची शाळेची सवय निदान घरी तरी पाळायची गरज नाही.

आमच्या घरी मराठी, बाहेर कन्नड आणि पुस्तकं इंग्रजी. चाचणी कोणत्या भाषेत द्यायची?

सीमाभागातला खरा प्रश्न हा आहे, आणि चाचणी निवडताना बहुतेक जण तो शेवटी विचारतात. नाव मोठं म्हणून एखादी इंग्रजी चाचणी घेतली जाते, मुलाला गणितात कमी गुण पडतात आणि घरात ‘गणित कच्चं आहे’ असा निष्कर्ष निघतो. कच्चं असतं ते इंग्रजी वाचन. शाब्दिक उदाहरणं जितकी वरच्या इयत्तेची, तितकी वाक्यं लांब, आणि तितकी ती गणिताची कमी आणि भाषेची परीक्षा जास्त.

पण म्हणून डोळे झाकून मराठी पेपर घ्या असंही नाही. घरी शिकणारी बरीच मुलं गणित इंग्रजी व्हिडिओंवरून शिकलेली असतात. त्यांच्यापुढे लसावि, मसावि, सरळव्याज असे शब्द आले की ती थबकतात; एरवी तीच रीत त्यांना तोंडपाठ असते. कारवारकडे घरची बोली कोकणी, भालकीकडे कानावर कन्नड आणि उर्दूही पडते, तिथं गुंता आणखी वाढतो. तेव्हा ‘मातृभाषा कोणती’ हा प्रश्न बाजूला ठेवा आणि ‘हा विषय मूल कोणत्या भाषेत शिकलं’ एवढंच विचारा.

खात्री करायची सोपी रीत आहे. वरच्या इयत्तेतली शाब्दिक उदाहरणं घ्या, एकाच तोलाची, निम्मी मराठीत आणि निम्मी इंग्रजीत. घड्याळ न लावता सोडवायला द्या. जिथं अडलं तिथं तेच उदाहरण दुसऱ्या भाषेत वाचून दाखवा. वाचून दाखवल्यावर लगेच सुटलं तर अडचण भाषेची. दोन्हीकडे अडलं तर गणिताची. एका दुपारचं काम आहे, आणि चाचणीची फी भरण्याआधी ते जरूर करा.

मराठीत, खर्च न करता सुरुवात कुठून करायची?

महाराष्ट्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या जुन्या पेपरांपासून. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ही परीक्षा घेते. ती महाराष्ट्रातल्या शाळांमार्फत होते, तेव्हा घरी शिकणाऱ्या मुलाने ती प्रत्यक्ष देण्याचा प्रश्न येत नाही. पण पेपर मिळवायला आणि घरी सोडवायला कोण अडवतंय? पलीकडे चंदगड, गडहिंग्लज किंवा कोल्हापुरात एखादी आत्या-मावशी असेल तर सरावसंचांचा गठ्ठाच येतो.

दोन पेपर असतात, प्रत्येकी ७५ प्रश्न, १५० गुण आणि दीड तास. पहिल्यात प्रथम भाषेचे २५ आणि गणिताचे ५० प्रश्न. दुसऱ्यात तृतीय भाषेचे २५ आणि बुद्धिमत्ता चाचणीचे ५०. भाग असे सुटे असल्यामुळे गणिताचे गुण वेगळे, भाषेचे वेगळे काढता येतात, आणि आपल्याला तेच हवं असतं. आठवीच्या पेपरात काही प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असतात आणि दोन्ही रंगवावे लागतात, हे मुलाला आधी सांगा. २०१६-१७ च्या आधी ही परीक्षा चौथी-सातवीला असायची, मग ती पाचवी-आठवीला झाली, त्यामुळे जुना संच घेताना तो कुठल्या इयत्तेचा आहे ते बघून घ्या. आणखी एक सोय आपल्या भागासाठीच केल्यासारखी आहे: पेपर मराठी, इंग्रजीबरोबर कन्नडमधूनही निघतो. मूल कन्नड शाळेतून काढलेलं असेल तर तो संच वापरा.

मर्यादाही सांगून ठेवतो. तिसरी-चौथीच्या वयाच्या मुलाने आठवीचा पेपर दिला तर त्याचं पर्सेंटाइल कुठंही छापलेलं मिळणार नाही. शास्त्रीय अर्थाने ही प्रमाणित वरची चाचणी नव्हे. पण मूल कुठल्या पायरीवर अडतं ते कळायला ती पुरते, आणि पैसे भरून द्यायच्या चाचणीची इयत्ता ठरवायला तर फारच उपयोगी पडते.

बाहेरच्या चाचण्यांपैकी कोणत्या बघाव्यात?

अहमदाबादच्या एज्युकेशनल इनिशिएटिव्ह्जची ‘ॲसेट’ पाठांतरापेक्षा समज तपासते. तिच्यात वरच्या श्रेणीत आलेल्या मुलांसाठी त्यांची वेगळी टॅलेंट परीक्षा असते आणि तिचा पेपर मुलाच्या इयत्तेच्या वरच्या पातळीचा असतो. भारतीय मुलांशी तुलना हवी असेल तर मी आधी हीच बघेन.

जॉन्स हॉपकिन्सच्या सेंटर फॉर टॅलेंटेड यूथची ‘स्कॅट’ याच कामासाठी बनलेली आहे. शब्द आणि गणित असे दोन भाग, प्रत्येकाला २२ मिनिटं. गणिताच्या भागात बहुतेक ठिकाणी दोन राशींपैकी मोठी कोणती एवढंच ठरवायचं असतं, वाचायला फारसं नसतं, म्हणून मराठी मुलाला तो भाग बरा जातो. शब्दांचा भाग मात्र इंग्रजी शब्दसंपत्तीवर उभा आहे. तिथले कमी गुण मनाला लावून घेऊ नका.

‘मॅप ग्रोथ’ संगणकावर चालते. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की सोपा. वेळेचं बंधन नाही. सावकाश विचार करणाऱ्या मुलांना ही मानवते. मूळची शाळांसाठीची असल्यामुळे घरच्या मुलाला मध्यस्थामार्फत द्यावी लागते. पैसे भरण्याआधी लहान इयत्तांची आवृत्ती मिळणार की सहावी आणि पुढची, हे लेखी विचारून घ्या. लहान आवृत्ती हातात पडली तर सगळा खटाटोप वाया.

गणितापुरतं बघायचं असेल तर अमेरिकेची एएमसी ८ ही गणित स्पर्धा: २५ प्रश्न, ४० मिनिटं, चुकीला गुण कापत नाहीत. आठवीपर्यंतच्या मुलांसाठी आहे, पण खालची मर्यादा नाही, म्हणून पाचवीच्या वयाच्या मुलाला ती आपोआपच वरची चाचणी होते.

बारा वर्षांच्या मुलाने सॅट द्यावी का?

इंग्रजी वाचन सराईत असेल आणि गणितात नववी-दहावीचं बीजगणित झालेलं असेल तर हरकत नाही. आता ती लॅपटॉपवर होते: ९८ प्रश्न, २ तास १४ मिनिटं, गुण ४०० ते १६००, म्हणजे प्रत्येक भाग ८०० चा. बारा वर्षांच्या मुलाला गणितात ५०० च्या आसपास पडले तर तो सतरा-अठरा वर्षांच्या सर्वसाधारण परीक्षार्थीच्या जवळ पोचला. मार्कशीटच्या चष्म्यातून ‘आठशेपैकी फक्त पाचशे’ असं वाचू नका.

तेरा वर्षांखालच्या मुलाची नोंदणी नेहमीसारखी ऑनलाइन खातं उघडून होत नाही, तेव्हा बरीच आधी चौकशी करा आणि ओळखपत्र म्हणून पासपोर्ट काढून ठेवा. त्याआधी कागदावरचे अधिकृत सराव पेपर मोफत उतरवून घरी एकदा सोडवून घ्या. बहुतेक घरांचं काम तेवढ्यातच भागतं. केंद्र बंगळूरला मिळालं तर राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रभर जाऊन सकाळी थेट परीक्षेला बसवू नका. एक दिवस आधी पोचा.

ऑलिंपियाड दिली तर चालणार नाही का?

कोणती, त्यावर आहे. गल्लोगल्ली शाळांमधून पदकं वाटणाऱ्या खासगी ‘ऑलिंपियाड’ बहुतेक स्वतःच्याच इयत्तेच्या असतात. त्यातलं सुवर्णपदक वरच्या पातळीबद्दल काही सांगत नाही. भिंतीवर छान दिसतं.

खरी गणित ऑलिंपियाड आयओक्यूएम या देशपातळीवरच्या पात्रता परीक्षेपासून सुरू होते: तीन तास, ३० प्रश्न, १०० गुण. पर्याय नसतात, उत्तराचा आकडा लिहायचा असतो, त्यामुळे तुक्का चालत नाही. ती आठवी ते बारावीसाठी असते आणि अर्जात जन्मतारखेबरोबर इयत्ताही विचारतात, तेव्हा घरच्या मुलाची नोंद कुठेतरी असलेली बरी. जुने पेपर मात्र कुणीही सोडवावेत. त्यात निम्मे जमले तरी मूल पुष्कळ पुढे आहे असं समजा. संगणकाची आवड असेल तर इंडियन कम्प्युटिंग ऑलिंपियाडची पहिली फेरी बघा. मुंबईत घरी शिकलेल्या एका मुलीला दहावी-बारावीचं प्रमाणपत्र नसताना २०१६ साली एमआयटीत प्रवेश मिळाला, तो इन्फॉर्मॅटिक्स ऑलिंपियाडच्या पदकांच्या जोरावर.

आणि एनटीएसई, म्हणजे राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा? ती २०२१ नंतर थांबलेली आहे. तिच्या नावाने क्लास चालवणाऱ्यांना हे विचारून बघा.

त्यापेक्षा आयक्यू चाचणी केली तर?

तिचं काम वेगळं. मूल कसं विचार करतं हे ती सांगते. कुठल्या इयत्तेचं गणित येतं हे सांगत नाही. पुस्तक निवडायला तिचा उपयोग नाही. मूल बोलण्यात तल्लख पण लिहिण्यात फार मागे असेल, किंवा एकाग्रतेबद्दल शंका असेल, तर मात्र जरूर करा. ती आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडूनच. सरकारी संस्था हवी तर धारवाडचं डिमहान्स हे मानसिक आरोग्याचं रुग्णालय जवळ आहे. पुण्याला जाणं शक्य असेल तर ज्ञानप्रबोधिनीची मानसशास्त्र संस्था बुद्धिमान मुलांच्या कामात जुनी आहे. प्रबोधिनी १९६२ ची, आणि अशा मुलांसाठीची त्यांची प्रशाला १९६९ ची.

योगायोग बघा: बिने चाचणीचं आपल्याकडचं प्रसिद्ध रूपांतर, बिने-कामत, हे व्ही. व्ही. कामतांनी १९३४ साली केलं तेच मुळी कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी. पण म्हणून आज तिचा आकडा घेऊन नाचू नका. इतक्या जुन्या मानकांवर आजची मुलं आहेत त्यापेक्षा वर दिसतात. चित्राकृतींची रेव्हन चाचणी भाषेच्या अडसरातून सुटते, पण तिच्यावरून एकट्याने काही ठरवू नये.

निकाल हातात आला. तो वाचायचा कसा?

एकूण गुण शेवटी बघा, आधी चुका बघा. चुकलेल्या प्रश्नांचे तीन ढीग करा: शिकवलंच नव्हतं, येत होतं पण घाईत गेलं, आणि विचारच वेगळा केला. पहिला ढीग मोठा असेल तर आनंदाने पुढचं पुस्तक उघडा. दुसरा मोठा असेल तर वेळेचा सराव द्या. तिसरा ढीग उत्तरसूचीवर सोडू नका, मुलाला समोर बसवून विचारा.

एक नेहमी येणारं उदाहरण घ्या. ‘अशी लहानात लहान संख्या कोणती, जिला ६, ८ आणि १२ ने भागल्यास प्रत्येक वेळी बाकी ५ उरते?’ पुस्तकी उत्तर २९: लसावि २४, अधिक ५. पण एखादं मूल ५ लिहितं. पाचाला सहाने भागा, भागाकार शून्य, बाकी ५. आठानेही तसंच, बारानेही तसंच. प्रश्न जसा छापलाय तसा वाचला तर ५ हेच बरोबर, आणि २९ ही चूक. पर्यायांत ५ नसेल तर हे मूल तिथं पाच मिनिटं घुटमळतं आणि पुढचे चार प्रश्न त्याचे राहून जातात. गुणपत्रकात हे सगळं ‘पाच प्रश्न गेले’ असं दिसतं. खरं तर त्या पाचातला एक प्रश्न त्याच्या वरच्या समजेचा सगळ्यात चांगला पुरावा असतो.

पर्सेंटाइल वाचताना ते कोणत्या गटाशी काढलंय ते आधी बघा. सहावीच्या मुलांमध्ये ६० पर्सेंटाइल म्हणजे चौथीच्या वयाचं तुमचं मूल सहावीच्या निम्म्याहून जास्त मुलांच्या पुढे आहे. शंभरपैकी साठ गुण असा त्याचा अर्थ नाही.

मग थेट वरची परीक्षा देऊन दोन वर्षं वाचवता येतील का?

कागदावर नाही. शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयोगटासाठी आहे. त्यात घरी शिकवण्याला स्पष्ट मान्यताही नाही आणि पालकाला शिक्षाही नाही. एनआयओएसच्या (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या) मुक्त मूलभूत शिक्षणात तिसरी, पाचवी, आठवीला समकक्ष असे तीन स्तर आहेत, पण माध्यमिकला, म्हणजे दहावीला, वय किमान १४ लागतं. दहाव्या वर्षी दहावीचं गणित आलं तरी प्रमाणपत्र चौदा वर्षांच्या आधी मिळणार नाही. मधली वर्षं घाईने संपवण्यापेक्षा विषयात खोल जाण्यात घालवा. माध्यमिकला मराठी माध्यम आहे, हेही पुष्कळांना माहीत नसतं.

कन्नडचीही वरची चाचणी द्यावी का?

नको. कन्नड इयत्तेप्रमाणे पक्की असू द्या, तेवढं पुरे. पण ती सोडूही नका. पुढे मूल कर्नाटकातल्या शाळेत परत घालायची वेळ आली तर २०१५ च्या कन्नड भाषा शिक्षण कायद्याप्रमाणे कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून घ्यावीच लागते, आणि तिथं गणिताचं पर्सेंटाइल कामाला येत नाही.

तयारी करून घ्यावी का?

प्रश्नांचा साचा, उत्तरपत्रिका आणि घड्याळ यांची ओळख होण्यापुरती. महिनोन्‌महिने घोटून घेतलं तर तुम्ही मोजाल ती तुमची शिकवणी.

किती वेळा?

वर्षातून एकदा पुष्कळ झालं. मॅप ग्रोथसारखी चाचणी फार तर दोनदा.

मुलाला काय सांगायचं?

खरं ते. हा पेपर तुझ्यापेक्षा मोठ्या मुलांचा आहे, यातलं बरंचसं तुला येणार नाही, आणि कुठून येत नाही हेच आपल्याला बघायचंय. घरी शिकणाऱ्या हुशार मुलाला ‘येत नाही’ची सवय नसते, पहिल्या पानावरच तीन प्रश्न अडले की काही जण पेन्सिल ठेवून देतात, काहींना रडू येतं. म्हणून चाचणीच्या आधी एक-दोन आठवडे असे मोजके प्रश्न स्वयंपाकघरात, गप्पांच्या ओघात टाका. जे तुम्हालाही चटकन येत नाहीत, तेही टाका. अडलेला प्रश्न सोडून पुढे जायचं आणि वेळ उरला तर मागे यायचं, ही सवय तिथंच लागते. निकालाचा आकडा नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणार नाही, हेही मुलाला आधीच सांगून ठेवा, आणि मग खरोखर टाकू नका.